छापून आलेलं मरण

मेलेल्या मुलीच्या हातचं पाणी मी प्यायले आहे. शिंदखेड्याजवळच्या एका गावात, भर दुपारी.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला सार्वजनिक आरोग्याचं संशोधन करायचे. तान्ही बाळं कशानं दगावतात, हे आम्ही घरोघर जाऊन आयांना विचारलं होतं. त्यावरचा माझा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यात एका घराची हकीकत होती: आधीची दोन्ही बाळं गेलेली आणि तिसरी मुलगीही पाचवी पुजायच्या आत गेली. वाचणाऱ्यांच्या मनात तीच राहिली. देवपूरच्या माझ्या घरी लेखाची प्रत मागणारी कार्डं येऊ लागली. मग दुसऱ्यांच्या लेखांत, संदर्भांच्या यादीत माझं नाव दिसू लागलं. मी हरखून जायचे, खोटं कशाला बोलू?

काही वर्षांनी सहज त्या घरी डोकावले. आईनं ओळखलं, आत हाक मारली. एक मुलगी तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यायले आणि विचारलं, ही कोणाची?

"मनीच. तुमीन मरेल लिखेल शे ना, तीच."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. माझ्या लेखात पाचवीच्या आत मेलेली तिसरी मुलगी माझ्याकडे एकटक बघत होती.

पहिली दोन गेली म्हणून तिसरीला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून सुईणीकडून उचलून घेतली होती. मरणाची नजर चुकवायला तिकडे असं करतातच. या बाईनं त्याच्यापुढे जाऊन, कागद-पेन घेऊन आलेल्या मला सांगितलं होतं की पोर गेली. माझा तिळपापड झाला. इतक्या मेहनतीच्या लेखाची तिनं वाट लावली होती. मी म्हणाले, दुरुस्ती छापून आणते.

तिनं माझे दोन्ही हात धरले. "नका ताई. मरेल लिखेल शे, म्हनीसन ती जित्ती शे."

घरी येऊन मी दुरुस्ती लिहिली, पाकिटावर तिकिटं चिकटवली. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि अंगावर सरसरून काटा आला. ती मुलगी मागे उभी राहून बघते आहे असं वाटलं. गंडेदोऱ्यांवरून आयांना फैलावर घेणारी मी, पाकीट तसंच घेऊन परत आले.

त्यानंतर कुणी माझा लेख उद्धृत केला की आनंद व्हायचा नाही. कुठल्यातरी लांबच्या देशात ती पुन्हा पाचवीच्या आत मरायची. इकडे गावात गोवराची साथ आली, शेजारच्या घरातलं पोर गेलं, ही उठून बसली. योगायोगच तो. पण मी दर नव्या अंकात माझा संदर्भ शोधायचे आणि सापडला की सुटल्यासारखं वाटायचं. स्वतःचीच भीती वाटायची मला.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मायलेकी माझ्या दारात आल्या. मुलीचं लग्न झालेलं, दिवस भरत आलेले. मी पाणी दिलं. मग धीर करून आईला विचारलं, "आता तरी खरं छापू का?"

आईनं मुलीकडे बघितलं. मुलीनं पोटावर हात ठेवला आणि तसंच एकटक माझ्याकडे बघितलं.

"ताई, मना बाळले बी मरेल लिखी ठेवा."