यल्लाप्पाची झेरॉक्स

आमच्या गल्लीत संघप्रिया कांबळेला तिच्या नावानं हाक मारणारी माणसं कमी. ती जन्मली तेव्हा बाळ बघायला आलेल्या कुणीतरी म्हटलं, "ही तर यल्लाप्पाची झेरॉक्स हाय की," आणि ते नाव बसलं ते बसलंच. आमच्याकडं शब्द असेच बसतात. दात कशानंही घासा, ते कोलगेट. बाटलीतलं पाणी कुणाचंही असो, बिसलेरी. माती उकरणारं यंत्र जेसीबी, आणि पंगतीत बसलेला जो उठायचं नाव घेत नाही तोही जेसीबीच. घरी येऊन तासन्‌तास बसणारा पाहुणा म्हणजे फेविकॉल. कंपनी कुठली, कुणाची, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

लहानपणी संघप्रियाला ते नाव आवडायचं. यल्लाप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता. रुंद कपाळ, पुढच्या दोन दातांत फट, डावी भुवई जराशी वर चढलेली. सगळं तसंच्या तसं पोरीत उतरलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो तिला खांद्यावर घेऊन चौकात जायचा, तेव्हा चहाच्या गाडीवरची माणसं म्हणायची, "यल्लाप्पा, झेरॉक्स काढलीस ती लई क्लिअर निघाली बघ." तो हसायचा, तीही हसायची. दोघांच्या दातांतली फट एकदमच दिसायची.

यल्लाप्पाला एका जागी बसवत नसे. चहा अर्धाच प्यायचा, जेवताना दोनदा उठायचा, बसला तरी एक पाय सारखा हलता. फौंड्र्याही तो अशाच बदलायचा. इथला साहेब बरा नाही, तिथली भट्टी बरी नाही. संघप्रिया चौथीत असताना एका सकाळी तो डबा घेऊन कामावर गेला आणि परत आला नाही. तानूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शिरोलीचे सगळे कारखाने पालथे घातले. पोलिसांत जाऊन आली. कुणी म्हणालं सांगलीत दिसला, कुणी म्हणालं निपाणीत. मग तिनं विचारणं सोडलं, एका शाळेत सेविकेची नोकरी धरली आणि पोरगी वाढवली.

शब्द तोच राहिला, पण त्याची चव गेली. पोरीनं अभ्यासाला बसून पाय हलवला की तानूबाई म्हणायची, "हलवू नको. बापाची झेरॉक्स." पुढं संघप्रियानं महाद्वार रोडवरच्या कापडदुकानातली नोकरी सोडली, नंतर एका दवाखान्यातली, नंतर एका हापिसातली. दर वेळी गल्लीत तेच वाक्य. एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता, बोलणंही झालं. मग मुलाच्या आत्यानं निरोप धाडला, "पोरगी चांगली हाय, पण बापाची झेरॉक्स हाय म्हणत्यात. घरात टिकंल का?" त्या दिवसापासून संघप्रियानं आरशासमोर उभं राहून केस विंचरणं बंद केलं. खिडकीतून बाहेर बघत वेणी घालायची. आपल्या आत बाप आहे आणि तो कधीतरी उठून चालू लागेल, असं तिला वाटायचं. तिनं हे मला एकदा सांगितलं होतं, चालता चालता. बसून असं काही ती बोलत नाही.

एसटीत कंडक्टर म्हणून लागली तेव्हा मात्र ती टिकली. गाडी सतत चालू, रोज नवी माणसं. मागची सीट रिकामी असली तरी बसायची नाही. "मॅडम, टेका की जरा," असं ड्रायव्हर कृष्णात म्हणायचा, तर ही दांडी धरून उभी.

गेल्या वर्षी तिला हुपरीची फेरी लागली. त्या गाडीला एक साठीची बाई असायची, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चांदीच्या पैंजणांचं काम. हुपरीत घरोघरी चालतं तसलंच, कड्या जोडायचं. ही बाई तिकीट घेताना संघप्रियाकडं टक लावून बघायची आणि मग वाटभर बघतच राहायची. एकदा हुपरीत सगळे उतरले तरी ती सीटवरून हलेना.

"तू कुणाची गं?" तिनं विचारलं.

"मी कोल्हापूरची."

"गाव न्हाय इचारलं. बाप कोण?"

संघप्रियाचा तिकिटाच्या मशीनवरचा हात थांबला. किती तरी वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण विचारायची गरजच पडत नव्हती. "यल्लाप्पा कांबळे," ती म्हणाली.

बाईनं पिशवी पोटाशी धरली. "म्हंजी खोटं बोलला की माझ्यापाशी. मागं कोण न्हाय म्हणाला हुता." मग म्हणाली, "माझं नाव बयाबाई. त्यो माझ्या घरात हाय. अंगावरनं वारं गेलंय त्येच्या, एक बाजू गेली. लांब न्हाय घर, चल."

"गाडीची वेळ झाली," संघप्रिया म्हणाली आणि बाई उतरताच घंटी मारली.

त्यानंतर तिला कशातच थारा मिळेना. ताटावरून उठायची, सुट्टीला रंकाळ्याला फेऱ्या मारायची, आईशी उगाच भांडायची. आईला काही सांगितलं नाही. डेपोत सांगून हुपरीची ड्यूटी बदलून राधानगरीची घेतली. तिथं घाटाकडं बघताना तिला हुपरीची गल्ली दिसायची, कधी न पाहिलेली. शेवटी एका सुट्टीला प्रवासी म्हणून गाडीत बसली आणि हुपरीला जाऊन बयाबाईचं घर विचारलं.

दाराशीच खाट होती. खाटेवर पांढऱ्या दाढीचा माणूस. बयाबाई म्हणाली, "बघा कोण आलंय, तुमची झेरॉक्स." हा शब्द तिला आपणहूनच सुचला होता, तिला कुणी सांगितलं नव्हतं. यल्लाप्पानं उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. चांगला होता तो पाय तेवढा हलत राहिला.

"संघू," तो म्हणाला. बोलणं जड होतं, पण कळत होतं.

ती बसली नाही. "आण्णा, का गेलासा?"

"जायाचं म्हणून न्हाय गेलो. डबा घेतला, गाडीत बसलो. शिरोली आली, उतरलोच न्हाय. गाडी पुढं चालली हुती, बरं वाटालतं. इचलकरंजीत उतरलो. उद्या जाऊ म्हणलं. मग परवा. मग तोंड दाखवायला जागा राहिली न्हाय."

"आमची आठवण?"

"दाढी करायला बसलो की आरशात तूच दिसायचीस. म्हणून दाढी ठेवली."

संघप्रियाला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपण रडू. तिला राग आला. "आरसा सोडलासा, पण गाडीत बसून परत आला न्हाईसा," ती म्हणाली. त्यानं डोळे मिटून घेतले.

बाहेर बयाबाईनं तिला गाठलं. "माझी कंबर गेलीया पोरी. उचलायचं, धुवायचं, किती दीस करू? झेरॉक्स तुमच्याकडं हाय, ओरिजनल बी घेऊन जावा." ती हे चेष्टेनं म्हणत नव्हती.

घरी आल्यावर संघप्रियानं आईला सगळं सांगितलं. तानूबाई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "बोलता येतंय त्याला?" एवढंच विचारलं. पेंडी संपल्यावर म्हणाली, "हितं आणायचं न्हाय." भाजी धुऊन झाल्यावर म्हणाली, "त्या बाईला कोण हाय?"

"कोण न्हाय."

पुढच्या रविवारी तानूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून तयार. दोघी हुपरीला गेल्या. यल्लाप्पानं तिला बघितलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं. ती खाटेजवळ उभी राहिली. "जेवलासा?" तिनं विचारलं. त्यानं भिंतीकडंच मान हलवली. नवऱ्याशी तिचं त्या दिवशीचं बोलणं एवढंच. मग ती बयाबाईजवळ उंबऱ्यावर बसली.

"न्या की ओ ह्येस्नी," बयाबाई म्हणाली.

"मी न्हाय नेणार. राग बी न्हाय राहिला आता, आणि जागा बी न्हाय राहिली. पण तू एकटी उचलायची न्हाईस. पोरगी येत जाईल."

"मला कोण इचारलं?" संघप्रिया आतून म्हणाली. आवाज चढला होता. "सगळ्यांनी मला ह्येची झेरॉक्स केली, तू पण केलीस. आणि आता त्येचं करायचं पण मीच? मी येतो का न्हाय ते माझं मी सांगतो."

"सांग की मग," तानूबाई म्हणाली.

ती चप्पल घालून बाहेर पडली. हुपरीच्या गल्ल्यांत घराघरांतून चांदी ठोकायचा आवाज येत होता. ती चालत राहिली, चप्पल चावू लागली तरी. आपण आत्ता निघून गेलो तर लोक काय म्हणतील हे तिला पाठ होतं. राहिलो तर काय म्हणतील, ते मात्र तिला माहीत नव्हतं, कारण तसं कधी कुणी म्हटलंच नव्हतं. ऊन उतरल्यावर ती परत आली आणि बयाबाईला म्हणाली, "अंघोळ कवा घालता त्यांस्नी? मी रविवारी येतो. रोज न्हाय जमायचं, आणि आलो न्हाय तर फोन करायचा न्हाय."

असं ते सुरू झालं. संघप्रिया कधी जाते, कधी चुकवते. बापाला धुते-पुसते, पण त्याच्याशी फारसं बोलत नाही. एकदा वस्तरा घेऊन दाढी काढायला बसली, अर्धी काढली आणि थांबली. राहिलेली अर्धी बयाबाईनं काढली. सगळ्यांत आश्चर्य तानूबाईचं. ती आता लेकीपेक्षा जास्त वेळा हुपरीला जाते. अर्ध्या तिकिटात जाते, बयाबाईजवळ बसून पैंजणाच्या कड्या जोडायला शिकते. दोघी म्हाताऱ्या चष्मे लावून एकमेकींच्या चुका काढतात. खाटेवर यल्लाप्पा पडलेला असतो. त्याच्याबद्दल दोघी बोलतात, तो तिथं नसल्यासारखं.

परवा संघप्रिया मला मध्यवर्ती स्टँडवर भेटली. डेपोत लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी कंडक्टर पाहिजेत, मुक्कामाच्या ड्यूट्या, तिला विचारलंय म्हणाली.

"मग घेणार?" मी विचारलं.

"घ्यावं वाटतंय. लई वाटतंय," ती म्हणाली. हातातला चहा तिनं अर्धा ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उचलून उरलेला पिऊन टाकला. "रविवार सोडून ड्यूटी देतात का बघतो," म्हणाली, आणि तिची गाडी लागली तशी धावत गेली.