धुतलेली खडी

ओल्या खडीचा वास आला की मला ती वाम आठवते. बहात्तरच्या दुष्काळात नेवाशाला प्रवरा आटली होती. शाळेच्या म्हाताऱ्या शिपायाने शेवटच्या डबक्यातून सापासारखी लांब वाम मासळी जिवंत आणली आणि मी, विज्ञानाची नवी बाई, तिला काचेच्या पेटीत ठेवायला निघाले. "बाई, तिला अंग गाडून घ्यायाची सवं हाय. नदीचीच वाळू टाका," तो म्हणाला. पण डबक्याकाठी जनावरं मरून पडलेली. ती वाळू मला घाण वाटली. मी दुष्काळी कामावरची बारीक खडी आणली आणि प्यायच्या पाण्यातली एक कळशी ओतून स्वच्छ धुतली. सकाळी वाम खडीत तोंड खुपसतच होती. नाकाड सोललेलं, पोटावर लाल ओरखडे. "टोचतंय तरी खालीच जातीया. तिला दुसरं काय ठावं न्हाई," शिपाई हळूच म्हणाला. मी बादली घेऊन नदीवर धावले. पात्रभर वाळूच वाळू, पिठासारखी मऊ. परतले तेव्हा वाम खडीवर उताणी पडली होती. आज दारासमोर रस्त्यासाठी खडी टाकलीय. मघाशी एक खडा उचलून त्याच्या धारेवर अंगठा फिरवला. तेव्हा एवढंही केलं नव्हतं.