आकडा आला!

खडोलीच्या आमच्या कारखान्यात जुन्या ई-स्कूटरच्या मोटरी येतात. त्या खोलून आम्ही बायका आतले चुंबक काढतो. काय वैताग असतो एकेक! हातातला पाना ओढून घेतात, बोटं चिमटतात. भट्टीत तापवले की मात्र त्यांचा सगळा माज उतरतो. मग त्यांची भुकटी करून त्यातूनच नवे चुंबक बनवतात.

पहिला नवा चुंबक तयार झाला त्या सकाळी आम्ही सगळ्या टेबलाभोवती जमलो. मला काडीचा भरवसा नव्हता. भट्टीत मेलेलं परत कसं जिवंत होणार? तपासायचं मीटर जोडलं, तर त्याच्यावर आकडाच दिसेना. पुण्याचे इंजिनिअर साहेब मीटरच्या मागे जाऊन वायर हलवत बसले.

तेवढ्यात माझी धुळ्याची मैत्रीण चुंबक जवळून बघायला वाकली आणि टक्‌कन आवाज झाला. तिचा अंबाडा सुटून केस टेबलावर पसरले. केसातला आकडा चुंबकाला घट्ट चिकटला होता.

मागून साहेबांनी विचारलं, “आकडा आला का?”

मी ओरडले, “आला ना साहेब! उडी मारून आला!”