हातखंब्याचा कागद

श्रद्धा पावसेचा घटस्फोट हातखंब्याला एका लंच होमच्या माडीवर झाला. निदान तिला तरी तसं सांगण्यात आलं. लंच होम तिच्या नवऱ्याचं, सर्वेश मयेकरचं. मुलगी राही तेव्हा चौदा महिन्यांची होती. बाळंतपणानंतर श्रद्धाची झोप उडाली होती. दिवसदिवस ती भिंतीकडे बघत बसायची. एकदा गॅसवर दूध ठेवून तशीच घराबाहेर निघून गेली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, सहा महिन्यांत बरी होईल म्हणाले. सर्वेशने गोळ्या आणल्या नाहीत. आठवड्याभरात शंभर रुपयांचा स्टँपपेपर मात्र आणला.

'यापुढे उभयतांचा पती-पत्नी म्हणून कसलाही संबंध राहिला नाही. मुलगी राही हिच्यावर लिहून देणार हिचा कोणताही हक्क राहणार नाही.' खाली श्रद्धाची सही. साक्षीदार म्हणून तिच्या सख्ख्या भावाची, नितेशची. नितेश त्याच लंच होममध्ये मॅनेजर होता.

त्याच दिवशी त्याने बहिणीला दाभोळला माहेरच्या घरी आणून सोडलं. "तुझ्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती. आता गप ऱ्हा," एवढंच म्हणाला.

श्रद्धा गप्प राहिली. दापोलीच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेतल्या आणि बरी झाली. पण मुलीचं नाव काढलं की वहिनी भांडी आपटायची आणि सुटीवर घरी आलेला नितेश ताटावरून उठायचा. अशी तीन वर्षं गेली. मग गावच्या अंगणवाडीत मदतनीस हवी असल्याचं कळलं, म्हणून तिने अर्ज भरला. 'घटस्फोटित' असं लिहून कागदाची झेरॉक्स जोडली.

दापोलीच्या कार्यालयातल्या कारकुनाने झेरॉक्स उलटसुलट करून बघितली.

"बाई, असल्या कागदानं भाड्याची खोली सुटते. नवरा नाही सुटत. कोर्टाचा हुकूमनामा कुठाय?"

"कोर्टात गेलोच नव्हतो आम्ही."

"मग तुमचं लग्न अजून शाबूत आहे. 'विवाहित' लिहा आणि पुढं सरका. मागं रांग आहे."

ती पुढे सरकली नाही. अर्ज परत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दोन फेरीबोटी आणि तीन गाड्या बदलून हातखंब्याला पोचली.

दुपारची वेळ होती, सगळी टेबलं भरलेली. कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी पाटीवर रेघोट्या मारत होती. श्रद्धा तिच्याकडे वळली तशी ती उठून एका बाईच्या मागे लपली. ती बाई म्हणजे अपूर्वा. सर्वेशने तिच्याशी दीड वर्षापूर्वी लग्न केलं होतं.

"हीच का ती?" अपूर्वाने विचारलं.

"हीच," सर्वेश म्हणाला. "काय गो, कशाला आलीस? लिहून दिलंस ना तू?"

"तो कागद खोटा आहे. माझी मुलगी दे."

"गिऱ्हाईकांसमोर तमाशा नको. कोर्टात जायचं तर जा. तू वेडी आहेस हे तिथं मीच सांगेन."

वेटरने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. नितेश काउंटरमागे उभा होता. त्याने मान वर केली नाही.

मुलीच्या ताब्यासाठी रत्नागिरीच्या न्यायालयात विधी सेवेकडून तिला फुकट वकील मिळाली, हेमा आगाशे. बाई फटकळ होती. पहिल्याच भेटीत म्हणाली, "कागद रद्दी आहे. पण म्हणून मुलगी आपोआप मिळेल असं समजू नका. कोर्ट मुलीचं भलं कशात आहे ते बघेल. तुम्ही बऱ्या झालात हे दाखवावं लागेल. आणि तुमचा भाऊ त्यांच्या बाजूने आला, तर मी त्याला सोडणार नाही. चालेल?"

"चालेल," श्रद्धा म्हणाली.

सर्वेशला नोटीस पोचली त्या दिवशी नितेशने दाभोळला येऊन तिचे कपडे अंगणात फेकले. आत्या येसूबाईने तिला पडवीत जागा दिली, पण तीही रोज ऐकवायची, "भावाला कोर्टात खेचलंस. मेल्यावर खांदा कोण देईल गो तुला?" 'विवाहित' लिहून तिने अर्ज पुन्हा भरला, अंगणवाडीचं काम मिळालं, त्यावर श्रद्धाचं भागू लागलं.

महिन्यातून दोन शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत एक तास भेट, असा तात्पुरता हुकूम झाला. पहिल्या शनिवारी राही तिच्या मनगटाला चावली. दुसऱ्या शनिवारी दाराशी बसून तासभर किंचाळली. श्रद्धा समोर बसून राहिली. ना तिने हात लावला, ना ती उठून गेली.

सर्वेशचं म्हणणं होतं की आमच्या ज्ञातीत अशी कागदावर सोडचिठ्ठी द्यायची चाल आहे. साक्षीला नितेश आला.

हेमा आगाशेंनी विचारलं, "अशी चाल आहे, तर अशा सोडचिठ्ठ्या कोणाकोणाच्या झाल्या? तीन नावं सांगा."

नितेश बोटं मोजायला लागला आणि पहिल्याच बोटावर अडला.

"एक सांगा."

"आता... आठवत नाय."

"सही करताना तुमची बहीण आजारी होती?"

"होती."

"कागद तिला वाचून दाखवला?"

नितेशने सर्वेशकडे बघितलं. "नाय."

"तुम्ही वाचला होता?"

"होय," तो म्हणाला.

श्रद्धा त्याच्याकडे टक लावून बघत होती. तीन वर्षं तिने स्वतःची समजूत घातली होती की त्यालाही फसवलं असेल. त्या 'होय'नंतर ती भावाशी एक शब्दही बोलली नाही, आजतागायत नाही.

बाहेर व्हरांड्यात अपूर्वाने तिला गाठलं. "तुझ्यापायी माझं लग्न खोटं ठरतंय. मी कोण मग? रखेल?"

"हे तुझ्या नवऱ्याला विचार."

"तुझाच ना तो अजून!" अपूर्वा ओरडली. "घेऊन जा त्याला!"

"मला तो नको. मुलगी हवी."

"तिला ताप आला की रात्रभर कोण बसलं? तू?"

शिपाई मध्ये पडला म्हणून हातघाई टळली.

आता सर्वेशचा वकील घाबरला. पहिलं लग्न कायद्याने शाबूत असताना दुसरं लग्न म्हणजे गुन्हा. त्याने निरोप धाडला की संमतीने रीतसर घटस्फोट घेऊ, मुलगी मात्र वडिलांकडे राहील. श्रद्धाने हेमा आगाशेंच्या समोरच उत्तर दिलं, "घटस्फोट देते. मुलगी माझ्याकडे. दोन्ही एकाच तडजोडपत्रात, न्यायाधीशांच्या समोर. जमत नसेल तर दुसऱ्या लग्नाची तक्रार करते."

सर्वेशने सही केली. न्यायाधीशांनी डॉक्टरांचा अहवाल बघितला, राहीला आपल्या दालनात बोलावून तिच्याशी बोलले. "ती बाई वेडी आहे असं पप्पा म्हणतात," राही म्हणाली. तुला काय वाटतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ती नुसती बसते." संमतीच्या घटस्फोटाला लागणारी सहा महिन्यांची मुदत संपल्यावर हुकूम झाला. मुलीचा ताबा आईकडे, महिन्यातले दोन रविवार आणि निम्मी सुट्टी वडिलांकडे. अपूर्वाचं त्यात नाव नव्हतं. कायद्याने तिचा त्या मुलीशी काहीच संबंध नव्हता.

मुलगी सोपवायला सर्वेश आला नाही. अपूर्वा आली. राहीला तिच्या कमरेपासून सोडवायला दोघींनाही जोर लावावा लागला. अपूर्वाने कपड्यांची पिशवी श्रद्धाच्या पायाशी टाकली. "दुधावरची साय काढून देत जा. नायतर ओकते," म्हणाली आणि मागे न बघता गेली.

दाभोळला राही तीन दिवस जेवली नाही. श्रद्धाने कालवलेला भात तिने पालथा केला. "तू माझी कोणी नाहीस," म्हणाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी तर घशातून आवाज फुटेना, इतकी रडली. येसूबाई म्हणाली, "एक धपाटा घाल, गप होईल."

श्रद्धाने फोन घेतला आणि अपूर्वाचा नंबर लावला.

"काय आहे?" पलीकडून तुसडा आवाज आला.

"तिच्याशी बोल. माझ्याशी बोलू नको."

राही फोन घेऊन खाटेखाली शिरली. "मम्मी, इथं मला उपाशी ठेवतात," श्रद्धाला ऐकू आलं. "ही मारते मला." पलीकडून अपूर्वा काय बोलली ते कळलं नाही, पण बऱ्याच वेळाने राही म्हणाली, "बरं. थोडाच खाईन."

ती बाहेर आली, फोन जमिनीवर ठेवला आणि ताटाजवळ बसली. श्रद्धाने वाढलं. राहीने तिच्याकडे पाठ करून चार घास खाल्ले.