रेजिनातले चार दिवस

उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायचा मार्चमधला रविवार आला की मला रेजिनातलं ते बेसमेंट आणि घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर आठवते. दुसऱ्या प्रांतातल्या रिचमंड हिलहून येऊन आठवडाच झाला होता, नोकरी नव्हती. एका ओपन सोर्स वेब सर्व्हर प्रकल्पात मी बिनपगारी काम करायचे. बोलायला तेवढीच माणसं, तीही ईमेलवर. त्या रविवारी तिकडच्या सवयीप्रमाणे घड्याळांची यादी काढून मी मनगटावरचं, ओव्हनचं आणि कॉम्प्युटरचं घड्याळ तासभर पुढे केलं. सोमवारपासून माझ्या कोडच्या वेळ तपासणाऱ्या चाचण्या फक्त माझ्याकडे नापास होऊ लागल्या. "आमच्याकडे सगळं चालतंय. शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर तुझा कोड वगळावा लागेल," असं प्रकल्पप्रमुखाने कळवलं. मी ओळ न् ओळ तपासली. गुरुवारी दूध संपलं म्हणून दहा वाजता देशी ग्रोसरीत गेले, तर दार बंद. गाडीतून खोकी उतरवणारा मालक हसला, "मॅडम, अभी तो नौ बजे हैं! यहाँ घड़ी कोई नहीं बदलता." घरी येऊन कॉम्प्युटरचं घड्याळ तासभर मागे घेतलं, चाचण्या पास झाल्या, कोडही राहिला. हा किस्सा मी अजून हसत सांगते. चार दिवस गावाच्या तासभर पुढे जगूनही ते लक्षात आणून देणारं कोणी भेटलं नव्हतं, एवढं मात्र सांगत नाही.