मरळ आणि क्लोरोफॉर्म

क्लोरोफॉर्म पाण्याहून जड असतो, हे कंपाउंडर असूनही मला त्या दिवशी आठवलं नाही. घंगाळातल्या मरळ मासळीवर मी थेंब सोडले, ते काचेच्या मण्यांसारखे थेट तळाशी जाऊन बसले. मरळ आपली मजेत. मी आणखी सोडले.

हा उपद्व्याप कशासाठी, तर बायकोच्या मांडीला मोठं गळू झालं होतं. ताप उतरेना. दासगावच्या बोटीनं मुंबईला न्यायला आता वेळ नाही, उद्या सकाळी इथेच महाडला कापू, असं आमच्या डॉक्टरांनी ठरवलं. ते कापणार म्हणजे क्लोरोफॉर्म मी देणार. दवाखान्यात तिसरं होतंच कोण? परक्यांना देताना मी कधी थेंबांचा विचारही केला नव्हता. पण घरचं माणूस म्हटल्यावर, एक थेंब जास्त पडला तर, हे डोक्यातून जाईना. म्हणून कालवणासाठी आणलेल्या जिवंत मासळीवर हात बसवायला निघालो.

"कालवण राहिलं, मासळीची पूजा मांडलीत काय?" आतून खाटेवरून आवाज आला. बायको पोलादपूरकडची, ठणका सोसतानाही टोमणा चुकायचा नाही.

"काही नाही. जरा बघतोय."

"माझ्याआधी तिला निजवताय होय?"

मी काही बोलणार तोच मरळीने शेपटी झाडली आणि तळाचं सगळं औषध एकदम ढवळून निघालं. आधी तिचे कल्ले भराभर उघडमीट करू लागले, घाट चढून आलेल्या माणसाला धाप लागावी तसे. मग ती कलंडली, पोट वर. कल्ले संथ झाले. निजलेल्या देहाला हवा कमीच लागते, चूल मंद केली की लाकूड कमी जळतं तसं, असं डॉक्टर सांगायचे. म्हणून मी धीर धरला. पण संथ होता होता ते थांबलेच.

तिला उचलून मी विहिरीवर धावलो. ताज्या पाण्याच्या बादलीत तिला धरून पुढे पुढे फिरवत राहिलो, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. बऱ्याच वेळाने कल्ल्याचं एक झाकण हललं. मग दोन्ही.

"मेली काय?" मी घरात आल्यावर तिने विचारलं.

"नाही. उठली."

यावर तिने टोमणा मारला नाही. तेच मला जास्त लागलं.

सकाळी दवाखान्यात तिच्या नाकावर फडक्याची जाळी धरून मी इतक्या कंजूषपणे थेंब सोडले, की सुरी टेकताच पाय हलला. "कंपाउंडर, ती जागी आहे," डॉक्टर म्हणाले. मी आणखी थोडा सोडला आणि हात आवरला. दिलेलं औषध मागाहून चढतं, हे काल डोळ्यांनी पाहिलं होतं. श्वास आधी घाईचा, मग लांब. पुढे एकदा तो आलाच नाही. मी जाळी दूर केली, हनुवटी वर उचलली. डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं, मी हनुवटी तशीच धरून राहिलो. मग तिची छाती वर आली.

पू निघाला, पट्टी बांधून झाली. उन्हं वर आल्यावर तिने डोळे उघडले, दोनदा ओकली आणि माझ्याकडे वळली.

"दुखणं माझं हाय आणि धापा तुम्ही टाकताय," ती म्हणाली. "त्या बाकावर जरा आडवे व्हा. मी जागी हाय."