चार वाजताचा मुक्काम

पंचावन्न-छप्पन साल असावं. आम्ही दोघे सायकलवरून इराणमार्गे युरोपला जाणार होतो. मी अंधेरीच्या चाळीतला, गिरणीच्या ऑफिसात कारकून. माझा मित्र मरोळच्या गावठाणातला, घरची भातशेती, रविवारी चर्चमध्ये गाणारा. सह्याद्रीतले वीस-पंचवीस किल्ले आम्ही मिळून पालथे घातले होते, तेव्हा सायकल म्हणजे किस झाड की पत्ती, असा आमचा तोरा.

डोंगरात मी पुढे आणि तो मागे, अगदी लागून. उतरायला उशीर झाला की माझ्या टाचेवर पाय देईल इतका जवळ.

"अरे, जरा अंतर ठेव ना," मी वैतागायचो.

"तुला कुठे पळू द्यायचं नाही," तो म्हणायचा आणि आणखी जवळ यायचा.

साहेबांच्या हातापाया पडून मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळवली. साकीनाक्याच्या सायकलवाल्याकडे बसून पंक्चर काढायला, तारा ताणायला शिकलो. नकाशा त्याने काढला. वाचनालयातल्या अ‍ॅटलासवरून, मुंग्यांएवढ्या अक्षरांत, रोजचा मुक्काम पेन्सिलीने मांडून. रविवारी त्याच्या ओट्यावर हा पसारा पडला की त्याची आई दारातून म्हणायची, "विलायतेलाच जायचं तर बोटीने जा, मेल्यांनो. बोटी काय बुडाल्या?"

डोंगरातल्या सवयी मात्र सुटत नव्हत्या. पाठीवर सॅक बांधून सायकली चालवल्या तर पहिल्याच वळणावर त्या आम्हाला घेऊन आडव्या झाल्या. नाल मारलेले मिलिटरीचे बूट पेडलवरून घसरायचे. शेवटी ओझं कॅरियरवर गेलं आणि पायात कॅनव्हासचे बूट आले.

मग एका रविवारी सगळं सामान लादून घोडबंदरपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. जाताना झकास गेलो. खाडीकाठी भाकरी आणि सुके बोंबील खाल्ले, गप्पांत वेळ गेला. परतताना कांदिवलीच्या जवळ दिवस मावळला. मी वेग वाढवला. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर हा नाही.

उलटा फिरलो. रस्त्याखाली कापलेल्या भाताच्या खाचरात तो पडला होता आणि सायकल त्याच्या अंगावर. माझं डोकं तसंही लवकर तापतं.

"सरळ रस्ता आहे रे! लहान पोर जाईल ह्यावरून. युरोपला काय तुला पाळण्यातून नेऊ?"

तो उठला, कपडे झटकले. "अंधारायला लागलं की मला दिसत नाही. लहानपणापासून. डॉक्टरांनीही हात टेकले."

"सायकलला दिवा आहे ना?"

"दिवा असूनही."

"मग डोंगरात कसा उतरायचास?"

"तुझे बूट वाजायचे ना. आवाज कुठे पडतो ते ऐकून पाय टाकायचो."

हरिश्चंद्रगडाची ती उभी नळीची वाट, माहुलीचा तो सुट्या मातीचा घसारा, अंधारात उतरलेलं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. घरापर्यंत आम्ही सायकली ढकलत चालत आलो. त्याचा एक हात माझ्या कॅरियरवर होता. दया वगैरे काही नव्हती, मला राग आला होता. त्याने लपवलं म्हणून, आणि आता आपल्या युरोपची वाट लागली म्हणून.

आठ दिवस मी मरोळला फिरकलो नाही. नवव्या दिवशी तोच चाळीत आला आणि नकाशा माझ्या हातात ठेवला.

"तू जा. माझ्यापायी तू कशाला राहतोस?"

"आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर डोंगरात नेलं असतंस मला?"

नसतं नेलं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

त्याला बसवून घेतलं, नकाशा जमिनीवर पसरला आणि खोडरबर घेऊन सगळे मुक्काम पुसून टाकले. रोज चार वाजता थांबायचं, असं धरून दोघांनी पुन्हा मांडले. सहा महिन्यांचे दहा महिने झाले. एवढी रजा कोण देणार? दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आम्ही निघेपर्यंत वडील माझ्याशी बोलले नाहीत. कारण सांगितलं असतं तर कदाचित बोलले असते, पण ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता.

आम्ही निघालो. वाटेत लोक विचारायचे, एवढं ऊन शिल्लक असताना थांबता कशाला? मी सांगायचो, माझे गुडघे दुखतात. हा शेजारी उभा राहून गंभीर चेहऱ्याने मान हलवायचा आणि म्हणायचा, "काय करणार, ह्याच्यासाठी थांबावं लागतं."